रात्री लाइन कोणी धरली? : डायल-अपच्या काळातील अनाहूत पॅकेटांचा शोध

टेलिफोनचे बिल हे इतिहासाचे साधन आहे, असे म्हटले तर पुष्कळांना हसू येईल. बखरी, सनदा, जमाखर्चाच्या वह्या यांना आपण साधने मानतो. पण ग्रामीण महाराष्ट्रात इंटरनेट कसे आले आणि आल्यावर काय घडले, हे ज्याला शोधायचे आहे त्याला बिलांपर्यंत जावेच लागते. किती जोडण्या दिल्या याचे आकडे सरकारी अहवालांत मिळतात. त्या जोडण्यांवरून रात्रभर काय वाहत होते, ते मात्र अहवालांत नाही. ते बिलात उतरले, आणि बिलावरून कोणाच्या तरी पगारात.

सोलापूर जिल्ह्यातल्या माळशिरस तालुक्यात श्रीपूर आहे. नीरा उजव्या कालव्याने या तालुक्याला ऊस दिला आणि उसाने साखर कारखाने दिले. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ साली स्थापन केलेल्या बृहन् महाराष्ट्र शुगर सिंडिकेटमुळे श्रीपूरचे नाव महाराष्ट्रभर झाले. पुढे पांडुरंग सहकारी साखर कारखाना इथलाच. अशा गावांत संगणक इंटरनेटच्या आधी आला. ऊसनोंद, वजनकाटा, ऊसबिले, कामगारांचे पगार ही कामे वहीतून हळूहळू पडद्यावर गेली. म्हणजे दूरच्या खेड्यात संगणक नवलाचा नव्हता. नवलाची होती ती त्याला जोडलेली फोनची तार. मी त्या काळात या भागात संगणक दुरुस्तीची आणि जोडणीची कामे करीत असे. त्या वेळी ठेवलेल्या नोंदवह्या अजून माझ्यापाशी आहेत. पुढचे विवेचन काही अंशी त्यांवर आणि बरेचसे या विषयाच्या जगभरच्या ज्ञात इतिहासावर आधारलेले आहे.

तार गावात आली

खेड्यातल्या टेलिफोनची कथा १९८४ पासून सुरू होते. त्या वर्षी सी-डॉट ही संस्था स्थापन झाली. भारतातल्या उन्हाळ्यात वातानुकूलनाशिवाय चालेल असे छोटे ग्रामीण एक्स्चेंज तिने बनवले. त्यातले पहिले १९८६ साली आपल्या सीमेलगतच्या कित्तूरला बसले. त्यानंतरच्या दहा वर्षांत अशी एक्स्चेंजे गावोगाव गेली आणि कोपऱ्याकोपऱ्यावर पिवळ्या पाटीचे एस.टी.डी. बूथ उभे राहिले.

इंटरनेट मात्र आधी संशोधकांचे होते. १९८६ साली सुरू झालेल्या एर्नेट प्रकल्पात आयआयटी, भारतीय विज्ञान संस्था आणि मुंबईची एनसीएसटी अशा संस्था होत्या. सर्वसामान्यांसाठी ते खुले झाले १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगममार्फत, आणि तेही आधी महानगरांत. खाजगी कंपन्यांना परवानगी १९९८च्या अखेरीस मिळाली. बीएसएनएल १ ऑक्टोबर २००० रोजी अस्तित्वात आली. सुरुवातीला श्रीपूरसारख्या गावातून इंटरनेट लावायचे म्हणजे मोठ्या शहराला एस.टी.डी. लावून बसायचे. पुढे १७२ ने सुरू होणारे क्रमांक आले आणि स्थानिक दराने जोडणी मिळू लागली. तेव्हा कुठे तालुक्यातल्या कार्यालयांनी मॉडेम घेतले.

स्थानिक दर म्हणजे फुकट नव्हे. साधारण हिशेब असा होता : तीन मिनिटांचा एक पल्स, पल्सला १ रुपया २० पैसे. तासाचे वीस पल्स, म्हणजे २४ रुपये. इंटरनेटच्या तासांचे पैसे वेगळे. वाचकांनी हा दर ध्यानात ठेवावा, कारण पुढची सगळी गोष्ट या तीन मिनिटांच्या मापावर उभी आहे.

पॅकेट पाहण्याचे शास्त्र

इंटरनेटवरून जाणारा मजकूर सलग जात नाही. त्याचे तुकडे होतात. प्रत्येक तुकड्यावर पाठवणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता आणि ‘पोर्ट’ नावाचा एक क्रमांक असतो. मोठ्या वाड्याचा पत्ता एकच, पण आत बिऱ्हाडे अनेक. पोर्ट म्हणजे बिऱ्हाडाचा क्रमांक. या तुकड्याला पॅकेट म्हणतात. टपालखात्याप्रमाणे इथेही पॅकेट पोचवणारा ते कोणी मागवले होते का, हे विचारत नाही.

ही पॅकेटे थांबवून वाचण्याची गरज प्रथम शास्त्रज्ञांना पडली. ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यामधली जोडणी अचानक मंदावली. दोन ठिकाणांत अंतर जेमतेम ४०० यार्ड. सेकंदाला ३२ हजार बिट वाहून नेणारी वाट ४० बिटांवर आली. व्हॅन जेकबसन यांनी कारण शोधले : पॅकेट पोचल्याची पावती वेळेत आली नाही की प्रत्येक यंत्र तेच पॅकेट पुन्हा पाठवत होते, आणि त्या पुन्हा पाठवण्यानेच वाट अधिक तुंबत होती. इंटरनेट आज चालते ते बऱ्याच अंशी त्यांनी सुचवलेल्या दुरुस्तीमुळे. त्याच प्रयोगशाळेत जेकबसन, क्रेग लेरेस आणि स्टीव्हन मॅकॅन यांनी टीसीपीडम्प हा प्रोग्रॅम लिहिला. तारेवरून जाणारे प्रत्येक पॅकेट, त्याची वेळ आणि पत्ते तो ओळीने छापतो. १९९८ साली गेराल्ड कोम्ब्स यांनी हेच काम चित्ररूपाने करणारा इथरियल आणला. २००६ पासून तो वायरशार्क नावाने ओळखला जातो.

बर्कलीतला हा प्रोग्रॅम माळशिरस तालुक्यात आला तो पीसीक्वेस्ट मासिकाबरोबर मिळणाऱ्या लिनक्सच्या सीडीतून. पंढरपूर किंवा सोलापूरच्या बसस्टँडवर मासिक घ्यायचे, जुन्या पेंटियमवर सीडी चढवायची, आणि जगातल्या विद्यापीठांत वापरतात तेच हत्यार आपल्या हाती. त्या पिढीतल्या कित्येक मराठी मुलांचे संगणकशिक्षण असेच झाले आहे.

२००३ चा पावसाळा

२००३ हे वर्ष सोलापूर जिल्हा विसरलेला नाही. ओळीने दुष्काळ, जनावरांच्या छावण्या, आणि उसावर आदल्या वर्षीपासून आलेला लोकरी मावा. उसाचे पैसे अडले की या भागात सगळ्यांचेच अडते. प्रत्येक कार्यालयात खर्चाच्या नोंदीवर लाल रेघ फिरत होती.

अशा दिवसांत परिसरातल्या एका संस्थेच्या कार्यालयाचे टेलिफोनचे बिल चढले. दोन महिन्यांत ते इतके वाढले की व्यवस्थापकांनी चौकशी केली. जास्तीचे पल्स रात्रीचे होते. रात्री कार्यालयात एकच माणूस असे : रात्रपाळीचा तरुण ऑपरेटर. फोन त्याच्यासमोर, संगणक त्याच्यासमोर. निष्कर्ष काढायला कोणाला वेळ लागला नाही. त्याच्या पगारातून हप्त्याने वसुली सुरू झाली आणि पाळी काढून घेण्याची भाषा होऊ लागली. तो एवढेच म्हणे, “साहेब, मी नेट लावलं नाही. मशीन आपोआप लावतं.” यावर सगळे हसत. आपोआप फोन लावणारे यंत्र ही सबब कोणाला पटणार?

संगणकाच्या बाजूने पाहिले तर ही सबब अगदी शक्य कोटीतली होती. विंडोज ९८ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून, म्हणजे १९९९ पासून, कार्यालयातल्या एका संगणकाला मॉडेम जोडून बाकीच्यांना तीच जोडणी वाटून देता येत असे. वाटून देणारा संगणक कोणाचेही पॅकेट बाहेर जायला निघाले की स्वतः नंबर फिरवतो, आणि ठरावीक वेळ शांतता राहिली की लाइन तोडतो. त्या कार्यालयात ही मुदत पाच मिनिटांची होती. म्हणजे प्रश्न दोन होते. रात्री पहिले पॅकेट कोण पाठवते? आणि नंतर शांतता का होत नाही?

मला तिथे बोलावले ते मॉडेम बिघडला आहे का, हे पाहण्यासाठी. मॉडेम ठीक होता. मी वाटून देणाऱ्या संगणकाच्या जागी लिनक्स चढवलेला जुना संगणक ठेवला, नियम तोच ठेवला (बाहेरचे पॅकेट आले की लाइन लाव, पाच मिनिटे शांतता झाली की तोड), आणि दोन्ही बाजूंनी टीसीपीडम्प लावला : एक कार्यालयातल्या तारेवर, एक फोनच्या लाइनवर. सलग सात रात्री नोंद घेतली.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर पहिल्याच रात्री मिळाले. अकरा वाजून काही सेकंदांनी हिशेब विभागातल्या संगणकाने एका नावाचा पत्ता विचारला. तो संगणक बॅकअपसाठी रात्रभर चालू असे, आणि बॅकअपचा प्रोग्रॅम अकराच्या ठोक्याला एका जुन्या संगणकाची फाइल शोधे. तो जुना संगणक वर्षापूर्वीच काढून टाकलेला होता. विंडोजची रीत अशी की नाव आपल्या कार्यालयात सापडले नाही तर बाहेरच्या नामसूचीला विचारायचे. नामसूची इंटरनेटवर; तिथे जायचे तर लाइन लावायला हवी. म्हणून कार्यालयातल्या हरवलेल्या संगणकाची चौकशी करायला रोज रात्री अकराला फोन लागत होता. सातही रात्री हीच वेळ होती, फरक काही सेकंदांचा. त्यांतल्या दोन रात्री तो ऑपरेटर सुटीवर होता आणि कार्यालयाला बाहेरून कुलूप होते.

पण एवढ्याने बिल चढत नाही. एकदा लाइन लागली, पाच मिनिटांनी तुटली, तर पल्स दोन; खर्च २ रुपये ४० पैसे. असा खर्च वर्षभर चालू होता आणि कोणाच्या ध्यानात आला नव्हता. ऑगस्टपासून काय बदलले, हा खरा मुद्दा होता. त्याचे उत्तर फोनच्या बाजूच्या नोंदीत होते. लाइन लागल्यावर काही सेकंदांतच बाहेरून पॅकेटे येऊ लागत. कोणी मागवलेली नाहीत, कोणाच्या प्रश्नाची उत्तरे नाहीत. काही १३५ क्रमांकाच्या पोर्टवर थाप मारणारी. काही ९२ बाइट लांबीची, ‘तू आहेस का?’ एवढेच विचारणारी, आणि त्यांच्या पोटात एकच अक्षर पुन्हा पुन्हा भरलेले : संगणकाच्या सोळा-अंकी लिपीत एए, एए, एए. प्रत्येक पॅकेटागणिक पाच मिनिटांचे घड्याळ पुन्हा शून्यावर येई. शांतता कधी होतच नव्हती. सकाळी आठला कोणी तरी यंत्र बंद करेपर्यंत लाइन धरलेली. नऊ तास, १८० पल्स, पूर्ण दराने २१६ रुपये, एका रात्रीचे.

थाप मारणारे कोण होते

या पॅकेटांचा उगम आज नेमका सांगता येतो. १६ जुलै २००३ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजमधल्या एका छिद्राची दुरुस्ती जाहीर केली. ११ ऑगस्टला त्याच छिद्रातून शिरणारा ब्लास्टर नावाचा वर्म पसरू लागला. वर्म म्हणजे माणसाच्या मदतीशिवाय एका यंत्रातून दुसऱ्यात जाणारा प्रोग्रॅम. १३५ पोर्टवरची थाप त्याची. आठवडाभरात, १८ ऑगस्टला, दुसरा वर्म आला. त्याला कोणी वेल्चिया म्हणाले, कोणी नाची. याचा हेतू मोठा अजब होता : ब्लास्टर सापडला की त्याला काढून टाकायचे, मायक्रोसॉफ्टची दुरुस्ती उतरवून बसवायची, आणि २००४ साल उजाडले की स्वतः नाहीसे व्हायचे. उपकार करायला निघालेला हा पाहुणा आत शिरण्याआधी दार वाजवून पाहत असे, आणि एए भरलेले ते ९२ बाइटांचे पॅकेट म्हणजे त्याचे दार वाजवणे. ब्लास्टरच्या त्रासापेक्षा याच्या उपकाराने अनेक ठिकाणची जाळी अधिक तुंबली.

तो पत्ते शोधायचा तेही ध्यानात घेण्याजोगे आहे. आपल्या पत्त्याची सुरुवात ज्या आकड्यांनी होते, त्याच आकड्यांचे पत्ते तो ओळीने तपासत जाई. त्यामुळे आमच्या नोंदीत आलेले बहुतेक प्रेषक दूरदेशीचे नव्हते. त्यांचे पत्ते आमच्यासारखेच सुरू होत होते. म्हणजे ते त्याच सेवेचे आमच्यासारखेच डायल-अप ग्राहक होते. कुठल्या तरी गावातला दवाखाना, वकिलाचे ऑफिस, सायबर कॅफे. त्यांची यंत्रे आमचे दार वाजवत होती आणि त्यांनाही त्याचा पत्ता नव्हता. बिल त्यांच्याकडेही चढत असणार.

याआधीच्या नोंदी काढून पाहिल्या तेव्हा अशा लाटांचे थर दिसू लागले. १९ जुलै २००१ ला कोड रेड वर्मने चौदा तासांच्या आत सुमारे ३,५९,००० यंत्रे धरली होती. त्याची थाप ८० क्रमांकावर. २५ जानेवारी २००३ च्या शनिवारी, आपल्याकडे सकाळचे अकरा वाजत असताना, स्लॅमर सुटला. त्याचा सगळा जीव ४०४ बाइटांच्या एका पॅकेटात मावत होता. त्याला बळी पडू शकणाऱ्या यंत्रांपैकी नव्वद टक्के त्याने दहा मिनिटांत गाठली. गावातल्या तांब्याच्या तारेवर सेकंदाला जेमतेम चार हजार बाइट येत. त्या तारेवर स्लॅमरचे एक पॅकेट यायला सेकंदाचा दहावा भाग लागतो. एवढ्याने काही मोडत नाही. फक्त घड्याळ शून्यावर येते.

सगळीच अनाहूत पॅकेटे वर्मांची नव्हती. डायल-अपवर प्रत्येक वेळी नवा पत्ता मिळे, आणि तो नुकताच दुसऱ्या कोणीतरी सोडलेला असे. त्याने गाण्यांच्या फायली वाटणारा काझासारखा प्रोग्रॅम चालवला असेल, तर त्याला शोधणारी पॅकेटे १२१४ पोर्टवर आपल्याकडे येत राहत. भाड्याने खोली घेतल्यावर आधीच्या भाडेकरूची पत्रे येत राहावीत, तसेच हे. आणखी एक जात होती ती उत्तरांची. कोणी खोटा पत्ता घालून एखाद्या सर्व्हरवर हल्ला केला आणि तो पत्ता योगायोगाने आपला निघाला, तर सर्व्हरची उत्तरे आपल्या दारी. आपण न लिहिलेल्या पत्रांची. २००१ साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी अशाच भरकटलेल्या उत्तरांवरून जगात किती हल्ले होत आहेत याचा अंदाज बांधला होता.

२००४ साली या सगळ्या गोंगाटाला शास्त्रीय नाव मिळाले : इंटरनेटचे पार्श्वप्रारण. हे नाव खगोलशास्त्रातून उसने घेतलेले आहे. १९६४ साली पेन्झियास आणि विल्सन यांना आपल्या अँटेनात कुठल्याही दिशेने सारखीच येणारी खरखर ऐकू आली. त्यांनी कबुतरांची विष्ठाही साफ करून पाहिली. खरखर गेली नाही. ती विश्वाच्या आरंभीची निघाली. खरखर कुठून येते हे विचारायचे की ती कोणाच्या तरी माथी मारून मोकळे व्हायचे, हा निवड करण्याचा प्रश्न असतो.

निकाल

मी सात रात्रींची नोंद छापून व्यवस्थापकांपुढे ठेवली. त्यांनी आधी कागदांचा गठ्ठा पाहून हात झटकले. मग मी फक्त अकराच्या ओळी लाल पेनाने अधोरेखित केल्या आणि शेजारी हजेरीपुस्तक उघडून ठेवले. कुलूप लावलेल्या दोन रात्री त्यांनी स्वतः बोटाने मोजल्या. पोर्ट, वर्म, नामसूची यांतले काही त्यांना पटवावे लागले नाही. हजेरी त्यांना वाचता येत होती.

दुरुस्ती सोपी होती. बॅकअपमधले जुने नाव काढले. यंत्रांना मायक्रोसॉफ्टची दुरुस्ती बसवली. लिनक्सच्या जोडणीला एक नियम दिला : बाहेरून आलेली दार वाजवणारी पॅकेटे ‘काम’ म्हणून धरायची नाहीत, घड्याळ त्यांच्याकडे पाहणार नाही. त्या रात्रीपासून लाइन गप्प झाली. ऑपरेटरची पुढची कपात थांबली, पाळीही राहिली. आधी कापलेले दोन हप्ते मात्र परत मिळाले नाहीत. ते खर्ची पडले होते, असे सांगण्यात आले.

मीटरचे महत्त्व

याच सुमारास महाराष्ट्रात ग्रामीण जोडणीचा गाजलेला प्रयोग चालू होता तो वारणेत. १९९८ साली कोल्हापूर-सांगली जिल्ह्यांतल्या सुमारे सत्तर गावांसाठी ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. ऊसनोंद, तोडणीचे परवाने, खतांची माहिती ही कामे गावोगावच्या संगणक केंद्रांतून कारखान्याशी जोडली गेली. पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या अभ्यासकांनी सात गावांत संगणकाच्या जागी साध्या मोबाइलचे एसएमएस वापरून पाहिले आणि तेच काम कमी खर्चात होते असे दाखवले. या प्रयोगांवर बरेच लिहिले गेले आहे. त्या लेखनात शेतकरी काय मागतो हे येते. यंत्र आपण होऊन काय मागते, हे क्वचितच येते.

श्रीपूर परिसरातल्या त्या घटनेचे मोल मला इथे वाटते. अमेरिकेत स्थानिक कॉलला बहुतेक ठिकाणी मिनिटांवर आकार नव्हता. लाइन रात्रभर धरलेली राहिली तरी घरमालकाला कळण्याचे कारण नव्हते. ज्या देशांत मिनिटांवर पैसे होते तिथे लोकांनी हे पकडले, आणि आपल्याकडे तीन मिनिटांच्या पल्सने पकडले. एक्स्चेंजमधले ते मीटर ही गरीब माणसाची वेधशाळा होती. यंत्र बोलत आहे एवढे तिने अचूक सांगितले. कोण बोलत आहे हे तिला सांगता येत नव्हते, आणि ती रिकामी जागा माणसांनी जवळच्या माणसाचे नाव घालून भरली.

आज महिन्याचा आकार ठरलेला असतो. उशाशी ठेवलेला फोन रात्रभर शेकडो ठिकाणी पॅकेटे पाठवतो आणि घेतो. त्याने बिलाचा आकडा हलत नाही, म्हणून कोणी विचारतही नाही. आळ येण्याचे ते कारण गेले, हे चांगलेच झाले. पण सहकारी संस्थांच्या माळ्यावर त्या काळची बिले, हजेरीपुस्तके आणि दुरुस्तीच्या नोंदी अजून पडलेल्या आहेत, आणि दर दिवाळीच्या साफसफाईत त्या रद्दीवाल्याच्या काट्यावर चढतात. २००१ ते २००४ या वर्षांचे गठ्ठे हाती लागले तर ते वेगळे काढून ठेवावेत, एवढी विनंती. त्यांतल्या रात्रीच्या पल्सांवरून अजूनही कोणाचे तरी नाव खोडायचे राहिले असेल.